'दिवसांत असे होतेच' : गरोदरपणातील गुंतागुंतीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे गरोदरपणातील तक्रारींविषयी इतकी पत्रे आली, की या वेळी दुसरा विषय घेणे शक्यच नव्हते. पत्रे निरनिराळ्या गावांची आहेत आणि तक्रारीही निरनिराळ्या आहेत. मात्र एक वाक्य बहुतेक पत्रांत कोठे ना कोठे येते : 'घरातले म्हणतात, दिवसांत असे होतेच.' हे वाक्य पुष्कळदा खरे असते. मळमळ, कंबरदुखी, छातीतील जळजळ, संध्याकाळी पायांवर येणारी सूज हे दिवसांत होतेच. अडचण अशी, की ज्या आजारांत बाई किंवा बाळ दगावते, तेही सुरुवातीला याच साध्या वेषात घरात शिरतात. त्यांना ओळखायचे कसे, एवढ्याच मुद्द्याभोवती या वेळची उत्तरे लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या सुनेला ३३ आठवडे झाले आहेत. पहिलीच खेप आहे. आठ दिवसांपासून तिचे पाय सुजतात आणि आता बोटातील अंगठीही निघत नाही. आरोग्य केंद्रात रक्तदाब १५०/९६ निघाला. गोळी देऊन तीन दिवसांनी बोलावले आहे. दोन दिवस तिचे डोके दुखते आहे, पण विचारले तर 'बरी आहे' म्हणते. आम्ही जेवणातील मीठ बंद केले आहे आणि तिच्यासमोर टेन्शनचे कोणतेही बोलणे काढत नाही. आणखी काय काळजी घ्यावी? (एक सासूबाई, सातारा जिल्हा)

उत्तर : तुमचे पत्र वाचल्यावर उत्तर लिहायला न बसता मी प्रथम संपादकीय विभागाकडून तुमचा दूरध्वनी क्रमांक मागून घेतला, कारण अशा तक्रारीला अंक छापून होईपर्यंत थांबायला सवड नसते. सूनबाई आता रुग्णालयात दाखल आहेत हे कळल्यावर, तुमच्या संमतीने, हे उत्तर इतर घरांसाठी लिहीत आहे.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत : वाढलेला रक्तदाब, हातांपर्यंत आलेली सूज आणि न थांबणारी डोकेदुखी. यांपैकी सूज ही सर्वांत फसवी खूण आहे. दिवसभर उभे राहिल्यावर घोट्यांभोवती येणारी आणि रात्री आडवे झाल्यावर उतरणारी सूज बहुतेक गर्भवतींना येते. मात्र सकाळी उठल्याबरोबर चेहरा जड वाटणे, डोळ्यांभोवती फुगवटा दिसणे, डोहाळजेवणात सहज भरलेला चुडा पंधरा दिवसांत मनगटात रुतू लागणे किंवा एकाच आठवड्यात वजन किलोभराहून अधिक वाढणे, हे त्या साध्या सुजेत बसत नाही. अशा वेळी त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा आणि लघवीत प्रथिने जातात का ते पाहावे. लघवीची ही तपासणी पट्टीवर दोन मिनिटांत होते आणि गावातील उपकेंद्रातही होते.

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब किमान चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर तो वाढलेला मानतात. त्याच्या जोडीला लघवीत प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू अथवा रक्तातील प्लेटलेट्स यांवर परिणाम दिसला, तर त्या आजाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. रक्तदाब १६०/११० वर गेला आणि तेथेच राहिला, तर तासाभराच्या आत औषध सुरू झाले पाहिजे. मोजण्यापूर्वी बाईने पाच मिनिटे शांत बसलेले असावे, पाय जमिनीवर टेकलेले असावेत, दंड हृदयाच्या उंचीवर असावा आणि मोजताना गप्पा चालू नसाव्यात. रांगेतून धापा टाकत आलेल्या बाईच्या दंडाला साडीच्या ब्लाउजवरूनच पट्टा बांधलेला मी कितीदा तरी पाहिला आहे, आणि त्या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही.

आता टेन्शनविषयी. इंग्रजी 'हायपरटेन्शन' या शब्दाच्या शेपटातील 'टेन्शन'ने आपल्याकडे मोठा घोळ करून ठेवला आहे. हा आजार काळजी केल्याने होत नाही आणि काळजी सोडल्याने जात नाही. गर्भारपणाच्या पहिल्या काही महिन्यांत वार, म्हणजे बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, गर्भाशयात रुजते, तेव्हा तेथील रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. काही जणींत त्या पुरेशा रुंद होत नाहीत. मग वारेला रक्त कमी पडते आणि तिच्यातून असे पदार्थ आईच्या रक्तात उतरतात, की त्यांनी सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. मूत्रपिंडातून प्रथिने गळतात, यकृताला सूज येऊन बरगडीखाली उजव्या बाजूस दुखते, मेंदूवर परिणाम होऊन डोके दुखते व डोळ्यांपुढे काजवे चमकतात. बीज पहिल्या चार महिन्यांत पडलेले असते. आपल्याला ते आठव्या महिन्यात दिसते. म्हणूनच सुनेसमोर कोणी काय बोलले याचा या आजाराशी संबंध नाही, आणि तुम्ही स्वतःला दोष देण्याचेही कारण नाही. मीठ पूर्ण बंद केल्यानेही हा आजार हटत नाही. नेहमीचे जेवण चालू ठेवावे; लोणचे-पापड आवरले तरी पुरे.

गोळीने रक्तदाबाचा आकडा खाली येतो आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका टळतो. मूळ आजार मात्र वार शरीरातून बाहेर पडल्यावरच ओसरू लागतो. त्यामुळे डॉक्टरांपुढे प्रत्येक दिवशी एकच हिशेब असतो : बाळाला आणखी किती दिवस पोटात ठेवणे आईला झेपेल? आजार सौम्य असेल तर साधारणपणे ३७ आठवड्यांपर्यंत थांबतात, तीव्र असेल तर ३४ आठवड्यांनंतर थांबत नाहीत, आणि आईच्या जिवाला धोका दिसला तर त्याआधीही प्रसूती करावी लागते. लवकर प्रसूती करावी लागेल असे दिसल्यास बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. झटके, म्हणजे फिट, येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. हे औषध जुने आणि स्वस्त आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मॅगपाय' या चाचणीत ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता आणि या औषधाने झटक्यांचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आणल्याचे दिसले. शिरेतून देताना अंग एकदम तापल्यासारखे वाटते, त्याला घाबरू नये.

घरातील वडीलधाऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या गर्भवतीला कधीही देऊ नयेत. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल ही औषधे एरवी उत्तम असली, तरी बाळाच्या मूत्रपिंडांना ती घातक ठरतात. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा ही औषधे गरोदरपणात दिली जातात.

झटका घरीच आला, तर बाईला डाव्या कुशीवर वळवावे, जवळच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये आणि कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. झटका एक-दोन मिनिटांत थांबतो आणि घरातल्यांना हायसे वाटते. खरी घाई तेव्हाच करायची असते, कारण दुसरा झटका कधी येईल हे सांगता येत नाही.

प्रसूती झाली म्हणजे धोका संपला, असे नसते. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तदाब पुन्हा वर जातो, आणि नेमकी तेव्हा बाळंतीण घरी पोहोचलेली असते. माझ्याकडे एकदा पाचव्या दिवसाची बाळंतीण झटके येत असताना आणली गेली. कानांवरून घट्ट बांधलेला रुमाल तसाच होता, कपाळावर सुंठीचा लेप वाळला होता. दोन दिवस तिचे डोके दुखत होते आणि घरातल्यांनी 'वारा लागला' असे समजून दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या. ती वाचली. रुमाल बांधण्याला माझी हरकत नाही. पण बाळंतिणीचे डोके दुखू लागले, की रुमालाआधी रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधला गेला पाहिजे, आणि ही दक्षता सहा आठवडे ठेवायची असते.

सूनबाईंना पुढे दुसऱ्यांदा दिवस राहिले, तर पहिल्याच भेटीत हा इतिहास डॉक्टरांना सांगावा. अशा स्त्रियांना बाराव्या आठवड्यापासून, शक्यतो सोळाव्याच्या आत, कमी मात्रेचे ॲस्पिरिन सुरू करतात; त्याने हा आजार पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. हे औषध मनाने घेऊ नये. पुढील आयुष्यातही त्यांनी वर्षातून एकदा रक्तदाब तपासत राहावा.

प्रश्न : मला २६ आठवडे झाले आहेत. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेल्या तपासणीत साखर १५८ आली. माझ्या माहेरी कोणाला मधुमेह नाही आणि मी गोड खातच नाही. डॉक्टरांनी दोन आठवडे आहार पाळून पाहू, नाहीतर इन्सुलिन देऊ, असे सांगितले. इन्सुलिन एकदा लागले की आयुष्यभर चिकटते, असे जाऊबाई म्हणतात. (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : गरोदरपणात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे आईचे शरीर तिच्या इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही. बाळाला सतत साखर मिळत राहावी म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून हा ताण निभावते. काहींचे कमी पडते. आपल्याकडे सरकारी पद्धतीप्रमाणे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात, पोट रिकामे असो वा नसो, आणि दोन तासांनी साखर १४० किंवा अधिक भरली तर गरोदरपणातील मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करायची असते. पहिली चांगली आली म्हणून दुसरी टाळणे ही नेहमीची चूक आहे.

'गोड खात नाही' हे वाक्य मी रोज ऐकते, आणि ते खरेही असते. पण तुमच्या न्याहारीकडे पाहा. बशीभर पोहे, वर शेव, सोबत बिस्किटे आणि चहा यांत साखरेचा दाणा नसला, तरी दोन तासांनी रक्तात साखरच उतरते. उपवासाची साबुदाणा खिचडी तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. गर्भवतीची साखर सकाळी अधिक चढते, म्हणून न्याहारी लहान ठेवून तिच्यात प्रथिने वाढवावीत : मुगाचे धिरडे, मोडाची उसळ, चालत असल्यास अंडे. दुपारी-रात्री भात बंद करण्याची गरज नाही. एक वाटी भात घेतला तर एक पोळी कमी करावी, आणि भाजी व आमटी आधी खावी. फळ चावून खावे, रस काढून पिऊ नये. 'दोन जिवांचे खा' म्हणणाऱ्यांना दुसरा जीव किलोभराचाही नाही, याची आठवण द्यावी. डोहाळजेवणात पाच पक्वान्नांपैकी आवडते एक घ्यावे आणि त्यासाठी अपराधी वाटून घेऊ नये. प्रत्येक जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे घरातल्या घरात चालले, तरी आकड्यात फरक दिसतो.

उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली साखर असावी, हे उद्दिष्ट ठेवतात. दोन आठवडे आहार आणि चालणे सांभाळूनही ते गाठता आले नाही, तर औषध सुरू करण्यात कमीपणा नाही. इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही, हा त्याचा मोठा गुण. आणि जाऊबाईंना सांगा, की वार पडली की बहुतेक जणींचे इन्सुलिन त्याच दिवशी बंद होते. आईची साखर वाढलेली राहिली तर बाळ जास्त इन्सुलिन तयार करते, अंगाने थोराड होते, खांदा अडकू शकतो. आणि जन्मल्यावर आईकडून येणारी साखर अचानक थांबल्याने त्याचीच साखर एकदम उतरते. म्हणून पहिल्या तासातच त्याला अंगावर घ्यावे आणि त्याच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासू द्यावी.

प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅमची तपासणी पुन्हा करायची असते. या तपासणीला येणाऱ्या स्त्रिया फार थोड्या. बाळाची लस चुकत नाही, आईची साखर मात्र राहून जाते, आणि काही वर्षांनी तीच आई मधुमेही म्हणून समोर बसते.

प्रश्न : मी आशा स्वयंसेविका आहे. माझ्या वस्तीवरील एक बाई २४ आठवड्यांची गरोदर आहे, हिमोग्लोबिन ७.८ आहे. नवरा-बायकोने ऊसतोडीची उचल (आगाऊ पैसे) घेतली आहे आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन ते फडावर जातील. लाल गोळ्या तिने खाल्ल्याच नाहीत. ट्रंकेखाली ठेवलेल्या सापडल्या. 'गरम पडतात, शी काळी होते' म्हणते. तिला जाऊ नको म्हणून सांगण्याचा काही उपयोग नाही. (बीड जिल्हा)

उत्तर : शेवटचे वाक्य तुम्ही लिहिलेत, म्हणून तुम्हाला उपदेश करत नाही. उचल अंगावर असताना 'विश्रांती घ्या' हा सल्ला म्हणजे कागदावरची शाई. निघण्याआधीच्या दिवसांत काय करून घेता येईल आणि तिच्यासोबत काय पाठवता येईल, एवढेच पाहू.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात आणि ७ च्या खाली तो तीव्र मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे तुमच्या वस्तीवरील बाई अपवाद नाही. प्रसूतीत अर्धा लिटरपर्यंत रक्त गेले, तरी धडधाकट बाई ते सोसते. ७.८ असलेली बाई सोसत नाही. रक्तक्षयाने एरवी फक्त थकवा येतो असे वाटते. पण प्रसूतीच्या रात्री तोच जिवावर बेततो.

लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. शी काळी होते ती न शोषलेल्या लोहामुळे. त्यात रक्त किंवा विकार नसतो. 'गरम पडते' म्हणजे नेमके काय होते, ते तिला विचारा. बहुधा पोटात जळजळते किंवा बद्धकोष्ठ होतो. रात्री जेवणानंतर तासाभराने, लिंबाच्या पाण्यासोबत गोळी घेतली तर त्रास कमी होतो. चहा आणि गोळी यांत किमान तासभर अंतर हवे, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. फडावर पहाटे चार वाजता चहा होतो. सकाळी गोळी घेण्याचा नेम तेथे टिकणार नाही, हे तुम्हीच मला सांगाल. दुसऱ्या तिमाहीत जंतांसाठी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी द्यायची असते, ती दिली आहे का पाहा.

तरी या बाईसाठी मी गोळ्यांवर विसंबणार नाही. गोळ्या नीट घेतल्या तर महिन्यात साधारण एक ग्रॅम वाढ दिसते, आणि तिच्या हातात तेवढे महिने नाहीत. निघण्यापूर्वी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवून शिरेतून लोह देता येईल का, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. आयर्न सुक्रोजला अनेक फेऱ्या लागतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजची मोठी मात्रा एकाच बैठकीत देता येते, आणि निघायच्या तयारीत असलेल्या बाईला तेच सोयीचे. रक्तगट त्याच वेळी करून घ्या. गोळ्या खरोखर पोटात जाऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर सिकलसेल आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारांची तपासणी हवी. त्यांत नुसते लोह देत राहणे हा उपचार नव्हे.

माता व बाल संरक्षण कार्ड तिच्याच पिशवीत असावे, मुकादमाकडे नको. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून हे चालू आहे आणि राहण्याच्या गावाची अट त्याला नाही. '९ तारीख' एवढी एक खूणगाठ तिला आणि नवऱ्यालाही बांधून द्या. आडवे झाल्यावर श्वास लागणे, छातीत धडधडणे आणि पाय सुजणे ही हृदय थकल्याची लक्षणे आहेत; तेव्हा मोळी खाली ठेवून दवाखान्यात जायचे, हे त्या दोघांना माझे नाव घेऊन सांगा.

प्रश्न : सातव्या महिन्यात एके सकाळी माझ्या अंगावरून लाल रक्त गेले. दुखले काहीच नाही आणि दुपारपर्यंत थांबले. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार खाली असल्याचे लिहिले होते. पहिले मूल सिझेरियनने झाले आहे. रक्त थांबले आहे, तर पुढच्या आठवड्यात एस.टी.ने माहेरी जावे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : जाऊ नये, आणि आजच रुग्णालयात जावे. पाचव्या महिन्यात खाली दिसणारी वार गर्भाशय वाढत जाईल तशी बहुतेकींमध्ये वर सरकते, हे खरे. तुमच्याकडे मात्र न दुखता रक्त गेले आहे आणि आधीचे सिझेरियन आहे. अशा वेळी वार जुन्या व्रणात खोल रुजली आहे का, हे अनुभवी डॉक्टरांनी सोनोग्राफीत मुद्दाम पाहावे लागते. पहिला रक्तस्राव बहुधा थोडा असतो आणि आपणहून थांबतो. दुसरा तसा असेल याची हमी कोणी देत नाही. वार कोठे आहे हे सोनोग्राफीत कळेपर्यंत कोणालाही आतून तपासू देऊ नका. हे तुम्ही स्वतः सांगा, कारण गडबडीत फाइल उघडली जाईलच असे नाही. वार गर्भाशयाचे मुख झाकूनच राहिली, तर ३६-३७ आठवड्यांच्या सुमारास सिझेरियन ठरवतात, आणि ते रक्तपेढी हाताशी असलेल्या ठिकाणीच व्हावे.

याउलट पोट दगडासारखे कडक होऊन सतत दुखू लागले, तर रक्त थोडे दिसले किंवा दिसलेच नाही तरी वार सुटल्याची शंका घ्यावी. तेथे रक्त आतल्या आत साठते, आणि बाळाकडे मोजकाच वेळ उरतो.

तुमचा रक्तगट पत्रात नाही. तो आर.एच. निगेटिव्ह आणि पतीचा पॉझिटिव्ह असेल, तर या रक्तस्रावानंतर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन घ्यावे लागते. ते २८ आठवड्यांना आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतरही देतात.

प्रश्न : ३४ वा आठवडा आहे. रात्री तळहात-तळपायांना इतकी खाज सुटते, की मी पाय थंड फरशीवर टेकून बसते. अंगावर पुरळ नाही. सगळे खोबरेल तेल लावायला सांगतात. (एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : पोटावरची कातडी ताणल्याने खाज सुटते, तिला खोबरेल तेल चालते. पुरळ नसताना तळहात-तळपायांना रात्री सुटणारी खाज मात्र यकृतातील पित्तप्रवाह मंदावल्याची असू शकते. रक्तातील पित्ताम्ले आणि यकृताच्या चाचण्या याच आठवड्यात कराव्यात. आईला यात खाजेपलीकडे फारसा धोका नसतो. पित्ताम्ले १०० मायक्रोमोलच्या पुढे गेली तर बाळ पोटात दगावण्याची भीती वाढते, आणि त्यानुसार प्रसूतीची वेळ अलीकडे आणतात. पहिली तपासणी ठीक आली आणि खाज राहिली, तर आठवडाभराने ती पुन्हा करावी.

प्रश्न : ३७ आठवडे झाले. कालपासून बाळ कमी फिरते आहे. आई म्हणते, दिवस भरले की बाळ खाली उतरते, जागा कमी पडते, म्हणून फिरत नाही. मी घरी ठोके ऐकण्याचे यंत्र मागवले आहे, त्यावर ठोके ऐकू येतात. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : शेवटच्या दिवसांत हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी वळणे, ढुशी मारणे, सरकणे जाणवते. हालचाल कमी मात्र होत नाही. काही खाऊन डाव्या कुशीवर शांत पडावे आणि लक्ष फक्त पोटाकडे द्यावे. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, तर लगेच निघावे. सकाळपर्यंत वाट पाहू नये आणि साखरपाणी पिऊन पुन्हा पुन्हा मोजतही बसू नये. तुमच्या बाबतीत 'कालपासून' हा शब्द आहे, म्हणून हे दोन तासही घालवू नका.

घरगुती यंत्राविषयी माझे मत कडक आहे. ठोके ऐकू येणे म्हणजे बाळ या क्षणी जिवंत आहे, एवढेच. त्याला प्राणवायू पुरेसा मिळतो का, हे त्यावरून कळत नाही. शिवाय आईच्याच नाडीचा किंवा वारेतील रक्ताचा आवाज बाळाचा समजला जातो. रुग्णालयात वीस मिनिटे किंवा अधिक काळ आलेख काढून ठोक्यांचा चढउतार पाहतात. तो चांगला आला, तर परत पाठवतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी वाटले, तर पुन्हा जावे. 'कालच आला होता ना' असे कोणी म्हटले तरी जावे.

प्रश्न : पत्नीला आठवा महिना लागला आहे. माझी कंपनीत रात्रपाळी असते. घरी पत्नी आणि माझी आई. कोणत्या लक्षणांना थांबायचे नाही, ते एका कागदावर लिहून द्याल का? (एक वाचक, वाळूज, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, मग कळा असोत वा नसोत, डोकेदुखी न थांबणे, नजर अंधुक होणे किंवा बरगडीखाली दुखणे, झटका, बाळाची हालचाल मंदावणे, थंडी वाजून ताप, बसल्या जागी धाप, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे. कागदावर एवढे पुरे.

पण तुमच्या पत्रातील खरा प्रश्न मला दुसराच वाटतो. मातामृत्यूंचा अभ्यास करणारे १९९४ पासून तीन उशिरांविषयी बोलत आले आहेत : जायचे ठरवण्यातला उशीर, पोहोचण्यातला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. २०१८-२० च्या जन्म-मृत्यूंच्या नमुना नोंदणीत देशाचे मातामृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ९७ आणि महाराष्ट्राचे ३३ होते. वाहने आणि रुग्णालये वाढली, म्हणून दुसरा उशीर पुष्कळ घटला. पहिला उशीर घरात असतो. रात्री दोन वाजता पत्नीला काजवे दिसू लागतील, आईंना वाटेल की मुलाला विचारावे, आणि यंत्रावर असताना तुमचा फोन कपाटात असेल.

म्हणून आजच दोघींना समोर बसवून सांगा, की यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करायला कोणाची परवानगी लागणार नाही, आणि तपासून परत पाठवले तरी घरात कोणी त्याविषयी बोलणार नाही. हे दुसरे वाक्य आईंच्या देखत म्हणा. कंपनीच्या सुरक्षा कक्षाचा क्रमांक पत्नीच्या फोनमध्ये घाला. रात्री सिझेरियन आणि रक्ताची सोय कोणत्या रुग्णालयात असते, हे दिवसा जाऊन विचारून या. पाटीवर '२४ तास' लिहिलेले पुरत नाही. तिच्या रक्तगटाचे दोन नातेवाईक किंवा मित्र बोलून ठेवा. फाइलमध्ये सर्वांत वर रक्तगट, शेवटची सोनोग्राफी आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी ठेवा, आणि ती फाइल कपाटात न ठेवता दाराजवळच्या खुंटीवर पिशवीत टांगा.